आमचे मांडलिक

आमच्या पिढीच्या माणसांस बैठे खेळ म्हटले म्हणजे बुद्धिबळे, सोंगट्या आणि पत्ते एवढेच आठवतात. त्यांतही बुद्धिबळांविषयी आमचा अभिमान अंमळ अधिक. कारण तो खेळ राजांचा, आणि लहानपणी माजघरातील चटईवर तीर्थरूपांच्या समोर बसून आम्ही तो शिकलो. परंतु त्या खेळातील एक गोष्ट साठी उलटेपर्यंत आमच्या कधी ध्यानातच आली नव्हती. पटावरील सोळा मोहऱ्यांपैकी एकही मोहरे आपल्या धन्याची आज्ञा मोडीत नाही. प्यादे मरावयास पाठविले तर मुकाट्याने मरते. हत्ती कोपऱ्यात उभा केला तर डाव संपेपर्यंत तेथेच उभा राहतो. आणि वजिराचा सल्ला घेतलात तो माझा का नाही, असे उंट कधी विचारीत नाही. असे राज्य या पृथ्वीतलावर कोठेही झालेले नाही, ही गोष्ट आम्हांस वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, आमच्या भाच्याने संगणकावर मांडून दिलेल्या एका खेळाने शिकविली.

खेळाचे नाव ‘क्रूसेडर किंग्ज’. स्टॉकहोम येथील पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह या कंपनीने तो काढला असून आम्ही खेळतो ती त्याची तिसरी आवृत्ती २०२० साली निघाली. संगणकावरील खेळ म्हणजे गोळीबार आणि धावपळ अशी आमची समजूत होती. परंतु येथे पुढ्यात येतो तो एक नकाशा, आणि त्यावर आयर्लंडपासून हिंदुस्थानापर्यंतची व त्याही पलीकडची मध्ययुगीन राज्ये रंगविलेली असतात. ८६७ किंवा १०६६ यांसारख्या एखाद्या वर्षी आपण कोणा राजाच्या वा सरदाराच्या जागी बसावयाचे. तो मेला म्हणजे त्याच्या वारसाच्या जागी बसावयाचे. आणि अशा रीतीने पिढ्यामागून पिढ्या घालवीत १४५३ सालापर्यंत घराणे टिकवावयाचे. नवशिक्यास हा खेळ आयर्लंडच्या दक्षिणेस मन्स्टर नावाच्या लहानशा राज्यात मुरखाद नावाच्या राजाच्या गादीवर बसवितो. नावावरून वाचकांनी त्याच्या बुद्धीविषयी तर्क करू नये. १०१४ साली क्लॉनटार्फच्या लढाईच्या दिवशी मारला गेलेला आयर्लंडचा सुप्रसिद्ध राजा ब्रायन बोरू याचा हा नातू.

आजूबाजूची चिमुकली राज्ये जिंकण्यास आम्हांस फारसे सायास पडले नाहीत. खेळातील पंचवीस-तीस वर्षांत, म्हणजे आमच्या घड्याळाप्रमाणे पंधरवड्याच्या रात्रींत, मुरखाद साऱ्या आयर्लंडचा राजा झाला. तो मुगुट त्याच्या मस्तकी चढताच आम्ही भाच्यास मोठ्या अभिमानाने हाक मारली. त्याने पडद्यावर एक दृष्टी टाकली आणि म्हणाला, “मामा, आतापर्यंत नुसती शाळा होती. खेळ आता सुरू व्हायचाय.”

तो काय म्हणतो ते आठ दिवसांत कळून आले. जिंकलेला सर्व मुलूख राजाने स्वतःच्या हाती ठेवावयाचा नसतो. ठेवू म्हटले तरी ठेवता येत नाही. त्या काळी पगारी कामगार ठेवावयास पुरेसे नाणे नव्हते, हुकूम झटपट पोहोचतील असे रस्ते नव्हते, आणि कचेऱ्या चालविणारी माणसेही नव्हती. तेव्हा राजाने जमीन द्यावयाची आणि बदल्यात सैन्य व वसुलाचा हिस्सा घ्यावयाचा, असा तो सौदा होता. परंतु या सौद्यातच त्याचे विष भरलेले आहे. ज्याच्या हाती जमीन त्याच्याच हाती शिपाई. म्हणजे ज्याच्या बळावर राजा उभा, तोच उद्या त्याला आडवा पाडावयास समर्थ. खेळाच्या कर्त्यांनी हे मर्म अचूक पकडले आहे. प्रत्येक मांडलिकाच्या मुखवट्याशेजारी एक आकडा लिहिलेला असतो. आपल्या धन्याविषयी त्याचे मत काय, ते उणे शंभरापासून अधिक शंभरापर्यंत तो आकडा सांगतो. शिवाय प्रत्येकाचा स्वभाव निराळा. कोणी लोभी, कोणी संतुष्ट, कोणी भित्रा, कोणी महत्त्वाकांक्षी. असंतुष्ट मांडलिक एकेकटे कुरकुरत बसत नाहीत, कट करतात. कोणास स्वतंत्र व्हावयाचे असते, कोणास गादीवर दुसरा वारस बसवावयाचा असतो, कोणास राजसत्तेचा लगाम ढिला करून हवा असतो. कटवाल्यांचे एकत्रित सैन्य राजाच्या सैन्याच्या जवळपास आले, की त्यांचा असंतोष महिन्यामहिन्याने चढत जातो आणि एके दिवशी निर्वाणीचा खलिता येऊन थडकतो. तो मान्य करा, नाही तर लढा.

यावर उपाय पुष्कळ आहेत आणि आम्ही ते सर्व करून पाहिले. प्रथम द्रव्य. लेन्स्टरच्या सरदाराचे मत उणे तीसवर गेले होते. थैली पाठविताच ते वर आले. दाम करी काम, हे आयर्लंडातही खरे. परंतु एकाचे समाधान होते न होते तोच अल्स्टरचा बिघडे, आणि खजिन्याला तळ होता. मग मेजवान्या दिल्या, शिकारी योजल्या. मग प्रधानमंडळातील जागा वाटल्या. तेथे पाच आसने असतात, आणि बलाढ्य मांडलिकास त्यांपैकी एक हवेच असते. न मिळाल्यास तो रुसतो. वसुलाचे काम पाहणारा आमचा कारभारी हुशार होता. त्यास काढून तेथे हिशेबाचा गंध नसलेला कॉनॉटचा सरदार बसविला. त्याचा राग गेला आणि त्याच्याबरोबर आमचे उत्पन्नही गेले. मग सोयरिकी केल्या. मुलगी दिली म्हणजे व्याही कटात शिरत नाही. पण मुली किती असणार! शेवटी हेर लावून लोकांची गुपिते शोधली, कारण ज्याचे गुपित आपल्या मुठीत आहे तो आपल्यावर हात उचलीत नाही. या अवधीत आमच्या घरी काय बोलले जात होते तेही सांगणे प्राप्त आहे. एका रात्री आम्ही सरदारांच्या मेजवानीत गुंतलो असता कुटुंबाने दाराशी उभे राहून म्हटले, “अहो, त्या परक्या लोकांना जेवायला घालून झालं, की एकदा गावी भाऊजींना फोन करा. दोन वर्षं झाली.” आम्ही मान हलविली आणि डाव पुढे चालविला.

सर्व उपाय थकल्यावर उरते ती दहशत. कैद्यांस फासावर दिले म्हणजे राजाची दहशत वाढते आणि भित्रे मांडलिक कटातून अंग काढून घेतात. आम्ही दोघांचा शिरच्छेद करविला. एकावर अपराध शाबीत होता. दुसऱ्यावर नव्हता, म्हणून जुलमाचा शिक्का आमच्यावर बसला आणि जे आजवर स्वस्थ होते तेही उलटले. त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी, की आमचा मुरखाद स्वभावाने दयाळू होता. या खेळात माणसाने आपल्या स्वभावाविरुद्ध कृत्य केले तर त्याच्या मनावर ताण साचतो आणि तो वाढत गेला म्हणजे प्रकृती ढासळते. राजाज्ञा आमची, पण झोप उडाली त्याची! क्रौर्याची किंमत आज्ञा देणाराकडून वसूल करणारा खेळ आम्ही यापूर्वी पाहिला नव्हता.

इतके करून आमच्या राज्यात शांतता नांदू लागली. बहुतेक सर्व आकडे शून्याच्या वर आले. आम्ही समाधानाने हातपाय ताणले, आणि त्याच रात्री मुरखाद म्हातारपणाने वारला. त्याचा ज्येष्ठ पुत्र गादीवर बसला. म्हणजे आम्हीच बसलो. पाहतो तो सर्व आकडे कोसळलेले. थैल्या दिल्या होत्या त्या बापाने; मेजवान्या घातल्या होत्या त्या बापाने; दहशतही बापाचीच. मुलाच्या वाट्याला त्यांतले कपर्दिकही आले नाही. उलट, राजा नवा म्हणून प्रत्येकाच्या मनात थोडी अढी अधिकच. त्यातून त्या काळच्या वारसाकायद्याप्रमाणे धाकट्या भावांस मुलुखाच्या वाटण्या मिळाल्या, आणि प्रत्येकाजवळ थोरल्याच्या गादीवर सांगावयास हक्कही राहिला. दोन वर्षांच्या आत खलिता आला. कटाचा पुढारी आमचा सख्खा धाकटा भाऊ होता.

ही सर्व खेळाच्या कर्त्यांची कल्पना, असे कोणास वाटेल. परंतु इतिहास याहून निराळे सांगत नाही. १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमचेच घर पाहावे. हा विजेता नॉर्मंडीचा ड्यूक, म्हणजे फ्रान्सच्या राजाचा मांडलिक; आणि त्याच्याइतका उद्दाम मांडलिक फ्रान्सच्या राजास क्वचितच दुसरा मिळाला असेल. २५ डिसेंबर १०६६ रोजी वेस्टमिन्स्टर येथे त्यास राज्याभिषेक झाला आणि तो धनी बनला. लगेच मांडलिकांची बंडे काय असतात ते त्यास कळू लागले. १०७५ साली तीन अर्लांनी मिळून कट केला. त्यांपैकी वॉल्थॉफ याचा पुढील वर्षी शिरच्छेद झाला. त्यानंतर लवकरच ज्येष्ठ पुत्र रॉबर्ट हाच बापावर उलटला. १०८७ साली विल्यम वारला तेव्हा नॉर्मंडी रॉबर्टास, इंग्लंड दुसऱ्या विल्यमास आणि धाकट्या हेन्रीस केवळ रोकड, अशी वाटणी झाली. ज्या सरदारांच्या जमिनी समुद्राच्या दोन्ही तीरांवर होत्या त्यांस दोन धनी झाले, आणि एकाची सेवा म्हणजे दुसऱ्याशी द्रोह, असा पेच पडला. १०८८ साली इंग्लंडात बंड उठले. त्याचा पुढारी मृत राजाचा सावत्र भाऊ, बायोचा बिशप ओडो. पुढे ज्यास भूमी मिळाली नव्हती तो हेन्री राजा झाला, त्याने ११०६ साली टँशब्रेच्या लढाईत रॉबर्टास धरले आणि मरेपर्यंत, म्हणजे ११३४ पर्यंत, कैदेत ठेवले. मुरखादाच्या मुलांनी आमच्या पडद्यावर केले ते याच चालीवर.

आमच्या इकडेही पळसाला पाने तीनच. रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. हे लोक म्हणजे राज्याचे लहानसे वाटेकरीच; त्यांस तोडून चालत नाही आणि मोकळे सोडूनही चालत नाही; स्नेहाने वागवावे आणि दाबातही ठेवावे, असा त्यातील उपदेशाचा मथितार्थ. एका हाती थैली आणि दुसऱ्या हाती दंड! आयर्लंडात आम्ही तेच करीत होतो. पण आज्ञापत्र काय किंवा आमचा खेळ काय, दोन्हींतही प्रश्न गादीवरून पाहिलेला आहे. वतनदारास स्वतःस काय वाटत होते, ते कोण सांगणार?

ते आमच्या भाच्याने सांगितले, निदान दाखविले. आमची रडकथा ऐकून तो म्हणाला, “मामा, एक डाव मांडलिक होऊन खेळा.” १०६६ सालच्या फ्रान्समध्ये त्याने आम्हांस ॲक्विटेनच्या ड्यूकाच्या जागी बसविले. त्या वेळी फ्रान्सच्या गादीवर पहिला फिलिप हा चौदा वर्षांचा मुलगा होता. त्याचा स्वतःचा मुलूख पॅरिस आणि ऑर्लेआँ यांच्या आसपासचा तेवढा. आमचा त्याहून कितीतरी मोठा. तरी कर भरावयाचा आम्ही, शिपाई पाठवावयाचे आम्ही, आणि मसलतीस बसावयाचे कोणा भलत्यानेच! चार वर्षांच्या आत आम्ही कटात होतो. राजाने मेजवानीस बोलाविले तेव्हा गेलो, जेवलो, आणि कट तसाच चालू ठेवला. आपण उद्दाम आहोत असे आमच्या मनात एकदाही आले नाही. आपली बाजू न्यायाची आहे, आपण आजवर फार सोसले आहे, असेच वाटत होते. कालपर्यंत आयर्लंडात ज्यांस आम्ही कृतघ्न म्हणून फासावर देत होतो, त्यांच्याच जागी आज आम्ही होतो, आणि तेथून पाहता राजाची मेजवानी म्हणजे आमच्याच करातून आम्हांस घातलेले जेवण होते.

आम्ही कटातून बाहेर पडलो ते मेजवानीमुळे नव्हे आणि भीतीमुळेही नव्हे. या खेळात धनी आणि मांडलिक यांच्यामध्ये करार असतो, आणि त्यात निरनिराळ्या हमी घालून घेता येतात. राजाचे एक गुपित आमच्या हाती लागले होते. त्याच्या जोरावर आम्ही दोन गोष्टी लिहून मागितल्या: आमची जहागीर मनमानीने काढून घ्यावयाची नाही, आणि प्रधानमंडळात आमची जागा पक्की. त्या लिहून मिळाल्या, आणि लढण्यासारखे आमच्याजवळ काही उरले नाही. उद्दामपणा म्हणून वरून जो दिसतो, तो पुष्कळदा उद्याची खात्री नसल्याचा राग असतो. देणगी कितीही मोठी असली तरी ती देणाराच्या लहरीवर टांगलेली. आज दिली ती उद्या देणार नाही. म्हणून देणगीने माणूस मिंधा होतो, निश्चिंत होत नाही.

इंग्लंडच्या सरदारांनी हेच ओळखले होते. जॉन राजाने १२०४ साली नॉर्मंडी गमावली, ती परत मिळविण्यासाठी करांचा बोजा वाढवीत नेला, आणि १२१४ साली बूव्हीनच्या रणात त्याच्या मित्रपक्षाचा पराभव होऊन तो सारा खर्च पाण्यात गेला. तेव्हा सरदार उठले. परंतु त्यांनी गादीवर दुसरा वारस बसविण्यापूर्वी एक कागद पुढे केला. जून १२१५ मध्ये रनीमीड येथे राजाने त्यावर मोहोर केली. सर्वांच्या संमतीवाचून विशिष्ट कर बसवावयाचे नाहीत, कायदेशीर निवाड्याखेरीज स्वतंत्र मनुष्यास कैद करावयाचे नाही, अशी त्यात कलमे होती, आणि राजाने शब्द पाळावा म्हणून पंचवीस सरदारांचे पंचमंडळही होते. जॉनने थोड्याच महिन्यांत पोपकडून तो कागद रद्द करविला, युद्ध पेटले, आणि १२१६ साली तो वारला. त्याने दिलेल्या देणग्या आणि त्याची दहशत त्याच्याबरोबर गेली. कागद मात्र मेला नाही. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या नावाने तो त्याच वर्षी पुन्हा काढावा लागला, १२१७ साली पुन्हा, आणि १२२५ साली पुन्हा. उद्दाम मांडलिकांचे ते मागणे आज मॅग्ना कार्टा या नावाने जगास ठाऊक आहे.

असो. येथवरचा इतिहास कोणीही सांगेल. पुढचा आमच्या घरचा आहे, आणि तो सांगावयास मन कचरते. कोकणात आमचे वडिलार्जित घर आणि आंब्याची थोडी कलमे आहेत. तीर्थरूप होते तोवर सर्वांचे आकडे, आताच्या आमच्या भाषेत, शून्याच्या वर होते. कोणाच्या मुलाची फी, कोणास आंब्याची पेटी, कोणास नुसता एक गोड शब्द, असे करून त्यांनी सारा गोतावळा बांधून ठेवला. कागद एकही केला नाही. ते गेले, आणि थोरलेपणाची खुर्ची आमच्याकडे आली. त्यांचा लौकिक आला नाही. आम्ही पुण्यास राहतो. अकरा वर्षांनी धाकटा बंधू गावी राहतो, कलमांस खतपाणी तोच घालतो, पावसाळ्यापूर्वी कौले तोच फिरवितो. आणि फळ कोणास, काय भावाने द्यावयाचे हे आम्ही येथून फोनवरून सांगतो. कोणी काय करावे आणि कोणास काय मिळावे ते एकदा लिहून ठेवू, असे त्याने दोनदा म्हटले. “घरात कागद कशाला? माझ्यावर विश्वास नाही का?” असे उत्तर आम्ही दोनदा दिले. नंतर एका वर्षी त्याने आम्हांस न विचारता काही कलमांचे फळ परस्पर विकले. आम्ही त्यास जे पत्र लिहिले त्यात ‘बंड’ हा शब्द होता. दोन वर्षांपूर्वीची ही गोष्ट.

ॲक्विटेनचा डाव संपविला त्याच रात्री आम्ही फोन केला. पहिलाच प्रश्न आला, “दादा, काय झालं? सगळे बरे आहेत ना?” आमचा फोन म्हणजे कोणी तरी गेले असावे, एवढाच अर्थ त्याच्याजवळ शिल्लक होता. आम्ही म्हटले, “सगळे बरे आहेत. तुला काय लिहून हवं आहे, ते लिहून पाठव.” बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “पाठवतो. पण माझ्या सगळ्या अटी तुम्हाला आवडतीलच असं नाही, दादा.”

त्या आल्या आहेत. एकंदर नऊ आहेत, आणि त्याच्या त्याच जुन्या शाळकरी अक्षरात लिहिल्या आहेत. त्यांतील सहा आम्हांस मान्य आहेत. दोनांविषयी समोरासमोर बोलावे लागेल, म्हणून गणपतीत गावी जाण्याचे ठरले आहे. राहिली ती एक, फळाच्या विक्रीचा निर्णय यापुढे जो गावी राहील त्याने घ्यावा ही. ती वाचून आमचे मत उणे चाळीसवर गेले, हे प्रांजळपणे कबूल करतो. कागद मेजावर पडून आहे, आणि आम्ही रोज तो एकदा वाचतो. कालच्यापेक्षा आज आकडा थोडा वर आहे.